माघारीची पंधरा मिनिटं

सहल म्हटलं की माणसाला गोवा आठवतो, निदान महाबळेश्वर. आम्हाला नेलं ते नाशिकला, गंगापूर धरणाच्या पलीकडच्या अंगाला. आमच्या सावरदरीपासून मोजून चाळीस किलोमीटर. ज्या रस्त्यानं मी हंगामात दिवसाआड द्राक्षाची गाडी घेऊन येतो, त्याच रस्त्यानं काळ्या काचांच्या गाडीतून मला नेलं, आणि चौक आला की अमोलशेठ म्हणायचे, "संतोषराव, जरा खाली वाका." मी वाकलो नाही. नगरसेवकानं वाकून बसणं शोभतं का?

आता इथं एक खुलासा केलेला बरा, नाहीतर पुढं घोटाळा होईल. नगरसेवक मी नाही. नगरसेवक माझी बायको, सविता. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला म्हणून फॉर्म तिचा भरला. दारोदार मी फिरलो, हात मी जोडले, पत्रकावर फोटो माझा मोठा आणि तिचा लहान. निवडून ती आली आणि नगरसेवक मी झालो. टपरीपासून तहसीलपर्यंत सगळे मला 'या नगरसेवक' म्हणूनच हाक मारत. यात मला काही वावगं वाटत नव्हतं, गावालाही वाटत नव्हतं.

सावरदरी नगरपंचायतीत सतरा जागा. आमच्या ग्रामविकास आघाडीचे नऊ, अमोलशेठच्या परिवर्तन गटाचे आठ. नऊ म्हणजे सत्ता आणि आठ म्हणजे घोषणा. अडीच वर्षं संपली, दुसऱ्या अडीच वर्षांसाठी नगराध्यक्ष निवडायचा होता, खुर्ची महिलांसाठी राखीव होती. आमच्यातला एक जण तिकडं गेला की आठाचे नऊ आणि नवाचे आठ. सगळ्या गावाची सत्ता अशी एका माणसावर आली होती आणि तो एक माणूस म्हणजे मी, असं मला वाटत होतं.

मी फुटलो त्याचं कारणही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही नाही. पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा फ्लेक्स लागला. त्यावर एकवीस फोटो होते. गटनेत्याच्या पुतण्याचा होता, मंडपवाल्याचा होता, माझा नव्हता. मी तडक आमचे गटनेते लहानूअण्णा यांच्याकडं गेलो. ते शांतपणे म्हणाले, "आरे संतोष, सदस्य सविता हे. तिचा टाकला ना." माझं डोकंच फिरलं. अडीच वर्षं ह्या माणसाच्या सतरंज्या उचलल्या आणि त्यानं मला माझ्याच बायकोच्या फोटोवर वाटेला लावलं. संध्याकाळी अमोलशेठचा फोन आला. अशा लोकांना वास कुठून येतो देव जाणे. ते म्हणाले, "तुमच्यासारखा हिरा अण्णानं ओळखला नाय. आमच्याकडं या, बांधकाम सभापती तुम्ही." तुम्ही म्हणजे कागदावर सविता, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

निघताना त्यांनी एकदाच विचारलं होतं. "वहिनींना घ्यायचं का संगं?"

"तिचं काय काम? म्हैस व्यायला झालीय. अन् ती माझ्या शब्दाबाहेर नाय," मी म्हणालो.

मंगळवारी पोचलो. रिसॉर्ट चांगलं होतं, पोहायचा तलाव होता, सकाळी मिसळ आणि दुपारी मटण. पोचल्या पोचल्या सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि एका पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवले. का, तर आमच्या अण्णांचा व्हिप मला मिळू नये. व्हिप म्हणजे गटनेत्याचा लेखी हुकूम, की अमक्याला मत द्या. तो हातात पडला आणि मोडला तर पद जातं. हातात पडलाच नाही तर कोर्टात वर्षानुवर्षं वाद घालता येतो. म्हणून फुटणाऱ्या माणसाला आधी लपवतात. मला ह्याची मोठी गंमत वाटली. आजवर मला शोधत फक्त बँकेचा माणूस आला होता.

दोन दिवस मी राजासारखे काढले. गुरुवारी चारच्या सुमाराला नाशिकच्या कोर्टातून एक वकीलबाई आल्या, आभा त्यांचं नाव. वय पस्तिशीच्या आत, हातात फाइल, चेहरा असा की खोटं बोलायच्या आधीच माणसाला घाम यावा. तलावात आम्ही सगळे हाफ पँटवर डुंबत होतो. बाईंनी काठावरून एकेकाकडं पाहिलं.

"अमोलराव, तुमच्या गटात चार महिला सदस्य आहेत ना? त्या दिसत नाहीत."

"त्या घरी हायेत मॅडम. हे तिघींचे मालक, चौथीचा मी." अमोलशेठनं तलावातल्या तिघांकडं बोट दाखवलं. तिघांनी ओल्या हातांनी नमस्कार केला.

"बरं. आणि फुटणारे सदस्य?"

मी पाण्यातून हात वर केला.

बाईंनी फाइल उघडली. "संतोष डेर्ले? माझ्याकडच्या यादीत तुमचं नाव नाही. सविता संतोष डेर्ले असं आहे."

"ती माझी मिसेस."

"मग त्या कुठे आहेत?"

"घरी."

बाईंनी फाइल मिटली. मग अमोलशेठकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे व्हिप चुकवायला तुम्ही ह्यांना तीन दिवस लपवलंत. ज्यांच्यावर बजावायचा त्या दार उघडं ठेवून घरी बसल्या आहेत."

तलावात कुणीतरी हसलं आणि मग खोकल्याचं सोंग केलं. मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहण्याची लाज वाटली. मी बाहेर आलो, टॉवेल गुंडाळला आणि बाईंसमोर खुर्ची ओढून बसलो. मला आता सगळं समजून घ्यायचं होतं.

"मॅडम, व्हिप तिला मिळाला असंल तर?"

"मिळाला आहे. आज एक वाजता सही करून घेतलाय. आता त्या विरोधात मत देतील तर सदस्यत्व जाईल."

"एकट्याचंच जातं का?"

"एकटे फुटलात तर जातं. तुमच्या नवातले सहा जण एकदम दुसऱ्या पक्षात विलीन झाले, तर सगळे वाचतात."

"म्हणजे एकानं केली तर गद्दारी?"

"आणि सहांनी केली तर विलीनीकरण."

"मुंबईला विधानसभेत पण असंच असतं?"

"तिथं आकडे मोठे असतात," बाई म्हणाल्या, "हॉटेलंही मोठी असतात." त्या पहिल्यांदा हसल्या. मग फाइलमधला एक कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "पण तुमची अडचण ह्याहून वेगळी आहे. हा व्हिप नीट वाचा."

मी वाचला. सावरदरी नगरपंचायतीच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत आघाडीच्या सर्व सदस्यांनी आघाडीच्या अधिकृत उमेदवार सौ. सविता संतोष डेर्ले यांनाच मतदान करावे. मी पुन्हा वाचला. मग अमोलशेठकडं पाहिलं. ते तलावाकडं पाहत होते.

"तुम्हाला ठावं होतं?"

"आज बाराला फॉर्म दाखल झाला तवा कळलं," ते म्हणाले. "सांगणारच होतो."

त्यांचा डाव माझ्या ध्यानात आला. सांगितलं असतं तर मी उडी मारून घरी पळालो असतो. माझी बायको नगराध्यक्ष होणार असेल तर मला बांधकाम सभापती होऊन काय करायचंय? पण अमोलशेठ कसले हार मानतात. जवळ सरकले, खांद्यावर हात ठेवला. "संतोषराव, अण्णा तुमच्या घराला फूस लावतोय. आज खुर्ची दिली, उद्या तुमालाच दारात उभं करणार नाय. फ्लेक्स आठवा. वहिनींनी फक्त माघार घ्यायची. उद्या मतदानाच्या आधी पंधरा मिनिटं असतात माघारीला. उमेदवार आमची हर्षाली एकटीच उरंल, बिनविरोध. मतदान नाय तर व्हिप मोडायचा प्रश्नच नाय. काय मॅडम?"

हर्षाली म्हणजे त्यांची बायको.

"वाद घालायला जागा आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी माघारीचा छापील अर्ज काढून दिला. "पण सही त्यांची लागेल. तुमची चालणार नाही."

सही आणतो, असं मी तोऱ्यात सांगितलं. खरं तर फ्लेक्सचं नाव काढल्यावर माझं डोकं पुन्हा तापलं होतं. अर्ज खिशात घातला आणि अमोलशेठच्या ड्रायव्हरनं, भिकननं, मला घरी सोडलं. ह्या वेळी कुणी वाका म्हणालं नाही.

दिवेलागणीला पोचलो. सविता ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"आलात? म्हैस काल याली. रेडी झाली."

"तू फॉर्म भरलास?"

"भरला."

"मला इचारलं नाय."

"इचारणार होते." तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "काल सकाळी आण्णा आले. म्हणाले, सविता, उभी राहतीस का. मी म्हणाले, ह्यांना इचारून सांगते. फोन लावला, बंद. दुपारी लावला, बंद. रातच्याला लावला, बंद. आज बाराला मुदत संपणार. मग काय करू? माझा मीच इचार केला."

मला हसावं की रडावं कळेना. अण्णांचा फोन येऊ नये म्हणून पेटीत घातलेला मोबाईल, त्यानं हा घोटाळा केला होता. चौदा वेळा फोन केला म्हणाली. एकदा जरी लागला असता तर मी 'नाय' म्हणालो असतो आणि ती 'बरं' म्हणाली असती. तिथंच विषय संपला असता.

"अन् तो व्हिप कशाला घेतलास? अण्णाचा तो चंदर कागद घेऊन आला तर दार लावून घ्यायचं."

"का? माझ्या नावाचा होता." ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन आली. "लाइटबिल मामंजींच्या नावाचं येतं. सोसायटीची नोटीस तुमच्या नावाची. हे माझ्या नावाचं आलं. मी चार वेळा वाचलं."

माझा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं पाहिलं, पण काही विचारलं नाही. मग मीच विचारलं, आणि शप्पथ सांगतो, विचारायचं ठरवलं नव्हतं.

"तुला व्हायचंय का गं नगराध्यक्ष?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "हे कोण इचारतंय? तुम्ही का अमोलशेठ?"

मी, असं म्हणायला तोंड उघडलं, पण खिशातला अर्ज तोवर माझ्या हातात आला होता. तिनं तो घेतला. उभ्याउभ्या वाचला, दोनदा घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

"सही करणार?"

"उद्या बघा," ती म्हणाली. "अडीच वर्षं सभेत मागून तुम्ही खोकलात की मी हात वर करत आले. एकदा तर तुम्हाला खरंच ठसका लागला होता, तवाही केला. त्यापायी भंगाराच्या गाडीचं टेंडर पास झालं. उद्या प्रांतसाहेब हायेत, बाहेरच्याला आत घेत नाय म्हणतात. खोकून काय उपेग नाय."

मला राग यायला हवा होता. आलाही असावा थोडा. पण त्याहून मोठी गोष्ट ही झाली की मला उत्सुकता लागली. ही काय करणार? जेवताना तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती भाकरी रोज थापायची तशीच थापत होती.

शुक्रवारी अकराला नगरपंचायतीच्या सभागृहाचं दार बंद झालं. आत सतरा सदस्य आणि प्रांतसाहेब. बाहेर खिडकीला आम्ही सगळे नवरे, दीर, कार्यकर्ते आणि पोलीस. खिडकीची काच बंद होती, पंख्याची आणि गर्दीची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र सगळं होतं. सविता मोरपंखी साडी नेसली होती. ती साडी घरात होती हे मला माहीत नव्हतं. समोरच्या रांगेत हर्षाली, तिच्या शेजारी अमोलशेठ. त्यांनी खिडकीतून मला पाहून भुवया उडवल्या. मीही मान हलवली. कशासाठी हलवली ते सांगता येणार नाही.

प्रांतसाहेबांनी घड्याळाकडं बोट दाखवून काही सांगितलं. शिपाई बाहेर येऊन ओरडला, "माघारीची पंधरा मिनिटं सुरू झाली."

पहिली पाच मिनिटं सविता हलली नाही. सहाव्या मिनिटाला ती पाणी प्यायली. माझ्या शेजारचा म्हणाला, "नगरसेवक, वहिनी घेणार ना माघार?" मी म्हणालो, "बघ की गप." आठव्या मिनिटाला तिनं पर्स उघडली.

अर्ज बाहेर आला. तिनं तो टेबलावर ठेवला, तळहातानं घडी सपाट केली. अमोलशेठ खुर्चीत मागं रेलले. लहानूअण्णांचा चेहरा उतरला. सवितानं शेजारणीकडं पेन मागितलं.

खरं सांगतो, मला माझंच नवल वाटलं. आदल्या दिवशी सही आणतो म्हणून छाती काढणारा मीच, आणि आता मनात म्हणत होतो, नको करू, नको करू सही. कुणाच्या बाजूचा मी? अण्णांच्या नव्हतो, अमोलशेठच्याही नव्हतो. फ्लेक्सची आठवण काढून पाहिली, रागसुद्धा येईना. खिडकीचे गज घट्ट धरून मी उभा होतो आणि ती लिहीत होती.

ती लिहीतच राहिली. तिला सही करायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, सातवीपर्यंतच शिकलेली, एकेक अक्षर कोरते. पण नाव आणि आडनाव लिहायला किती वेळ लागावा? ती ओळ संपवून खाली आली, पुन्हा लिहू लागली. मधेच थांबून तिनं वर छताकडं पाहिलं आणि परत लिहिलं. मग मला दिसलं. छापलेली बाजू टेबलाकडं होती. ती कागदाच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होती.

प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी काहीतरी विचारलं, सवितानं मान हलवून नाही म्हटलं. वेळ संपली होती. अमोलशेठ ताडकन उभे राहिले आणि परत बसले.

पुढचं दोन मिनिटांत झालं. हर्षालीसाठी आठ हात वर गेले. सवितासाठी आठ हात वर गेले, आणि ती स्वतः डोक्यावरचा पदर सारखा करत होती. प्रांतसाहेब पेन्सिल धरून थांबले. मग तिनं हात वर केला, चांगला खांद्याच्या वर, कोपर सरळ करून. बाहेर कुणी खोकलं नव्हतं.

एकदम गुलाल उडाला. फटाके लागले. ज्यांनी तीन दिवस मला शिव्या घातल्या असतील ते आमच्या आघाडीचे कार्यकर्ते धावत आले, मला खांद्यावर घेतलं, नगराध्यक्ष साहेबांचा विजय असो म्हणाले. झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला. मीही हात जोडले, सवयच ती. लाटेबरोबर दारापर्यंत पोचलो, शिपायानं दार उघडलं, आणि मी हारासकट आत शिरलो. माझी खुर्ची नेहमी भिंतीजवळ असते, ती ओढून सविताच्या मागं ठेवली.

ती आता मधल्या मोठ्या खुर्चीवर बसली होती. प्रांतसाहेब बाजूला सरकले होते. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. हाराकडं पाहिलं. मग पुढं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सभा संपली नाय. उपनगराध्यक्षाची निवड व्हायचीय. सदस्य नसतील त्यांनी बाहेर थांबावं."

सगळे हसले. थट्टा समजून मीही हसलो. ती हसली नाही. प्रांतसाहेब सोडले तर सभागृहात सदस्य नसलेला मी एकटाच होतो.

मी खुर्ची जागेवर ठेवली आणि बाहेर आलो. मागं दार लागलं. कान तापले होते, काय लाज वाटली ती वाटलीच. पण घरी निघून जावं असं काही वाटलं नाही. गर्दीतून वाट काढत मी परत खिडकीशी आलो.

आत सविता उभी राहिली होती. तो माघारीचा अर्ज तिनं लिहिलेली पाठ स्वतःकडं करून हातात धरला होता आणि ती बोलत होती. मी काचेला कान लावला. फटाक्यांमुळं काही ऐकू येईना. ती बोटं मोजून सांगत होती, एक, दोन, तीन. अण्णा मान डोलवत होते, प्रांतसाहेबसुद्धा लिहून घेत होते. कोणत्या तीन गोष्टी असतील ह्याचा मी तिथं उभ्या उभ्या खूप विचार केला. बावीस वर्षं एका घरात राहून मला त्यातली एकही ओळखता आली नाही.